सुमनताई आणि पहिल्या लहरी

ताई, तुझ्या तेरवीला मांडवात लोक इतके हसले, की आचारी हातातला झारा तसाच घेऊन दोनदा बाहेर डोकावून गेला. मोठ्या काकूंना ते मुळीच आवडलं नाही. "तेरवी हाये का बारसं हाये?" असं त्या दोन वेळा म्हणाल्या. तिसऱ्या वेळी मात्र पदर तोंडाला लावून त्याही हसल्या, कारण तेव्हा जळगाव जामोदच्या बाजारातला गॉगलवाला उभा राहून तुझी गोष्ट सांगत होता.

तो येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मी तर त्याला ओळखलंही नाही. हात जोडून म्हणाला, "मॅडमनं माह्या धंद्याची पार वाट लावली होती. अन् मंग वाट लावून देल्ली." या दोन वाक्यांतला फरक समजायला मांडवाला क्षणभर लागला.

गोष्ट मला माहीत होती, पण तुझ्या बाजूची. तू मला फोनवर विचारलं होतंस, "बेबी, ध्रुवण म्हंजे काय, ते मले हातात धरून दाखवता येईन अशी वस्तू सांग." नववीच्या पोरांना शिकवायचं होतं. मी म्हणाले, पोलराइज्ड गॉगल घे, तो एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड आत सोडतो. खरा आहे का ते ओळखायचं असेल, तर कॅल्क्युलेटरच्या पडद्याकडे पाहून मान तिरकी कर. खरा असेल तर एका कोनात आकडे दिसेनासे होतील. मी हे सहज सांगितलं. तू बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, पर्समधून शाळेचा कॅल्क्युलेटर काढलास आणि त्याच्या गाडीवरचा एकेक गॉगल घालून मान फिरवू लागलीस. तो ओरडत होता, "पोलराइड, ओरिजिनल पोलराइड!" आणि तू प्रत्येक गॉगल काढून ठेवताना मोठ्यानं जाहीर करत होतीस, "हा नाई. हा बी नाई." भोवती माणसं जमली. त्यांना वाटलं, बाईंच्या मानेला काही झालंय. अकराव्या की बाराव्या गॉगलला तू उडीच मारलीस. "हा हाये! आकडे गेले!"

"त्या दिवशी एकच विकल्या गेला," गॉगलवाला सांगत होता. "पन पुढच्या बाजारापासून म्या बी कॅल्क्युलेटर ठेवला. खरे चार गॉगल आनले अन् बोंबललो, मॅडमनं तपासलेला माल! चारी गेले."

तू मला यातलं एवढंच सांगितलं होतंस की गॉगल मिळाला. माल तपासणारी म्हणून जळगाव जामोदच्या बाजारात तुझं नाव चालतं, हे मला तू गेल्यावर कळलं.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता. तू संत्र्याच्या बागेत उभी होतीस, सूर्य कलला होता, आणि तू गॉगल लावून डोक्यावरच्या आभाळाकडे बघत मान फिरवत होतीस. "बेबी, आभाय कायं पडून राह्यलं! फिरोलं का कायं, अजून फिरोलं का निळं! हे मले आतालोक काऊन नाई सांगितलं कोनं?" मला पहिल्यांदा कळलंच नाही काय काळं पडलं ते. मग कळलं. निळ्या आभाळाच्या उजेडालाही एक कल असतो, आणि तो तुला सापडला होता. पुस्तकात ध्रुवण म्हणतात. तू म्हणालीस, "ध्रुवण म्हटलं की पोरायच्या डोयापुढं ध्रुवतारा येते. मी कल म्हणीन." त्या दिवसापासून आपल्या दोघींत तो शब्द कायमचा 'कल' झाला.

त्यानंतरच तू मला गाठलंस. तोपर्यंत मी पुण्यात नेमकं काय करते हे तू कधी खोदून विचारलं नव्हतंस. लोकांना सांगायचीस, "आभायातलं करते काहीतरी." आता तू म्हणालीस, "तू बी हाच कल पाह्यतं नं? मंग सांग नीट. मी सातवा तास घेऊन दमलेली हाये असं समजून सांग."

मी सांगितलं. विश्वाचा सगळ्यात जुना उजेड अजूनही चारी दिशांनी येतो आहे, थंड झालेला, डोळ्यांना न दिसणारा. आमच्या दुर्बिणी उंच, कोरड्या वाळवंटात बसून तो टिपतात. त्या उजेडाला जागोजागी कल आहे. विश्व अगदी सुरुवातीला, निमिषाच्याही कितीतरी लहान भागात, एकाएकी प्रचंड फुगलं असेल, तर त्या धक्क्यानं खुद्द अवकाशातच लहरी उठल्या असतील. त्या लहरी आपल्याला थेट दिसणार नाहीत. पण त्यांनी त्या जुन्या उजेडाच्या कलांना एक पीळ दिला असेल. भोवऱ्यासारखा, फार फिकट. तो पीळ आम्ही शोधतो.

तू म्हणालीस, "म्हंजे लहर गेली, अन् तिनं मोडलेलं गवत तुमी पाहून राह्यले."

"हो. अगदी तसंच."

"अन् गवत दुसऱ्या कशानं मोडलं असन तं?"

"धुळीनंही मोडतं," मी म्हणाले. आपल्या आकाशगंगेत बारीक धूळ पसरलेली आहे. तिचे कण चुंबकीय क्षेत्रात एका बाजूनं ओळीत उभे राहतात आणि तसाच पीळ दाखवतात. ती ओळखून वजा करावी लागते. वेगवेगळ्या तरंगलांबीवर तेच आकाश पाहायचं. धुळीचा उजेड एका रीतीनं बदलतो, जुना उजेड दुसऱ्या रीतीनं. त्यावरून कुठला किती ते ठरतं.

तुझा दर गुरुवारचा फोन तेव्हापासून सुरू झाला. शाळा सुटली, की पायऱ्यांवर बसून. तू आधी तुझ्या पोरांचं सांगायचीस, मग भाऊजींच्या वांग्यांचं, मग एकदम, "हं. बोल." त्या 'बोल'साठी मी गुरुवारी दुपारपासून तयारी करायचे, हे तुला कधी सांगितलं नाही. आमच्या बैठकांमध्ये जे वाक्य मला नीट जमायचं नाही, ते तुला सांगून पाहिलं की जमायचं. जिथे माझं मलाच कळलेलं नसायचं, तिथे तू बरोबर अडकायचीस.

आणि भांडायचीस. आपलं ते जुनं भांडण तर अर्धंच राहिलं. तुझं म्हणणं, इतकी वर्षं झाली, एक लहर सापडली नाही, मग तुमचा निकाल काय? माझं म्हणणं, न सापडणं हाही निकाल आहे. पीळ असलाच तर अमुक इतक्याहून फिका आहे, एवढं आम्ही छातीठोक सांगू शकतो. दर खेपेला ती मर्यादा खाली येते, आणि विश्वाच्या जन्माच्या काही कल्पना कायमच्या बाद होतात.

"म्हंजे घरात मांजर नाई हे तुमी वीस वर्षं लावून सांगून राह्यले."

"घर फार मोठं आहे, ताई."

"अन् मांजर लय लहान. मले समजलं ते. पन उत्तर कुठी हाये?"

"तू गणितात स्टेपचे मार्क देतेस की नाही? उत्तर चुकलं, पण रीत बरोबर असेल तर?"

"देतो नं. पाचातले चार देतो. पन उत्तराची जागा रिकामी सोडली तं तीनच."

तू मला पाचातले तीन दिलेस, आणि मी शेवटपर्यंत वाढवून मागत राहिले. ते तू काही वाढवले नाहीस.

आणखी एका गोष्टीवरून आपलं वाजायचं. तुला अमरावतीला एमएस्सीला प्रवेश मिळाला होता आणि तू गेली नाहीस. नऊ वर्षांनी मी गेले, आणि तिथून पुढे पुण्याला. कुठं सत्कार-बित्कार झाला की मी भाषणात तुझा त्याग सांगायचे. एकदा आपल्या गावच्या कार्यक्रमात तू पहिल्या रांगेत बसली होतीस. मी 'त्याग' म्हटल्याबरोबर तू तिथूनच मोठ्यानं म्हणालीस, "कायचा त्याग वं? मले मेसचं वरण नोतं पाह्यजे!" सगळा मंडप हसला. घरी येताना तू मला खरंच झापलंस. तुला शिकवायचं होतं, तू शिकवलंस, आणि तुझ्या आयुष्यात काही कमी पडलं आहे असं मी चारचौघांत सांगत फिरायचं नाही. मी त्यानंतर तो शब्द कधी वापरला नाही. आजही वापरत नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. तीन वर्षं झाली, पण तेवढाच विषय आपण दोघींनी कधी काढला नाही.

आमच्या गटाच्या नकाशात पीळ दिसला. आकाशाच्या एका तुकड्यात, जसा दिसायला हवा अगदी तसा. आम्ही पाच-सहा जण आठवडाभर नीट जेवलो नव्हतो. बाहेर बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण गुरुवार होता, आणि तू "हं. बोल" म्हणालीस.

"ताई, सापडल्यासारखं वाटतंय."

तू आधी भाऊजींना एवढ्या जोरात हाक मारलीस, की मी फोन कानापासून लांब धरला. मग परत आलीस. आणि तुझा आवाज बदलला. वर्गात एखाद्याचं उत्तर फार लवकर आलं की तुझा आवाज बदलायचा, तसा.

"धुयीचं काय केलं?"

"वजा केली."

"सगयी?"

"सगळीचा अंदाज बांधलाय. त्या भागात धूळ कमीच असते."

"कमी असते हे कोनं पाह्यलं? त्याच तुकड्यातली मोजली का दुसरीकडची मोजून इकडे लावली?"

ताई, तो प्रश्न आमच्या बैठकीत कुणी विचारला नव्हता. म्हणजे मनात सगळ्यांच्या असणार, पण कुणाला विचारायचा नव्हता. आणि मी तुला म्हणाले, "ताई, हे नववीचं विज्ञान नाही. तुला यातलं काय कळतं?"

अशा स्वच्छ, धारदार पुणेरी मराठीत म्हणाले, की माझं मलाच कळलं मी कुणापासून किती लांब आले आहे. तू एवढंच म्हणालीस, "बरं. जेवून घे." आणि फोन ठेवलास.

तीन दिवसांनी मी ते काम हातात घेतलं. दुसऱ्या तरंगलांबीवरची नवी निरीक्षणं मिळवून त्याच तुकड्यातली धूळ मोजली. आम्ही धरली होती त्याहून ती कितीतरी जास्त होती. ती काढल्यावर पीळ जवळजवळ नाहीसाच झाला. बरं झालं, अजून काही छापलं नव्हतं. सहकाऱ्यांना मी सगळं दाखवलं, आम्ही सगळे एक दिवस भिंतीकडे बघत बसलो, आणि मग परत कामाला लागलो. तुला मात्र मी एक ओळ पाठवली. 'ती धूळ निघाली. कामात आहे.' पुढचे पाच-सहा गुरुवार मी तुझा फोन उचलला नाही.

मग एका दुपारी संस्थेच्या फाटकावरून फोन आला. सुरक्षारक्षक म्हणाला, "मॅडम, तुमच्या सिस्टर आल्यात. कशाच्या संदर्भात विचारलं, तर म्हणतात, लहरीच्या संदर्भात." मी धावत गेले. तू एका हातात संत्र्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी घेऊन उभी होतीस, आणि रक्षकाला वांगी कशी भाजायची ते सांगत होतीस.

माझ्या खोलीत बसलीस, पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "दाखव."

मी पडद्यावर दोन नकाशे लावले. आधीचा आणि नंतरचा. तू चष्मा पुसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिलीस. मी वाट पाहत होते. कारण ताई, 'म्या म्हटलं होतं' हे तुझं सगळ्यात आवडतं वाक्य. बसच्या वेळेपासून भाऊजींच्या विहिरीपर्यंत तू ते कुणालाही सोडलं नव्हतंस. मी मान खाली घालून ते ऐकायला तयार होते.

तू म्हणालीस, "म्हंजे सगयीच धूय?"

"जवळजवळ."

आणि तू हसायला लागलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. "एवढ्या दूरची धूय, अन् तुमी ते मोजून काढली! इथी माह्या वर्गातली निघत नाई." मग मलाही हसू फुटलं, आणि शेजारच्या खोलीतली मुलं काय झालं म्हणून बघायला आली. तू त्यांना संत्री दिलीस.

ते तुझं वाक्य तू म्हणालीच नाहीस. मीही 'तुझंच बरोबर होतं' म्हणाले नाही. आपण वांग्याचं भरीत खाल्लं, आणि तू जाताना मला मोबाइलवर एक फोटो दाखवलास. तुझ्या शाळेच्या व्हरांड्यातला फळा. मी तुझ्यावर ओरडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तू त्यावर लिहिलं होतंस, 'विश्वाच्या पहिल्या लहरी सापडल्याची शक्यता.' तुला शंका होती, तुझा अपमान झाला होता, तरी लिहिलंस. आणि माझी एक ओळ मिळाल्यावर त्याच्या खाली, दुसऱ्या रंगाच्या खडूनं, 'दुरुस्ती : ती धूळ होती. शोध चालू आहे.' मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, पुसून टाका, वरचं चूकच आहे ना. तू म्हणालीस, "सर, दोन्ही राहू द्या. पोरायले दिसू द्या, दुरुस्ती कशी करतात ते." तो फळा त्यानंतरही आठवडाभर तसाच राहिला. आमच्या शोधाची एवढी नेटकी टिपणी दुसरीकडे कुठेही झाली नाही.

त्यानंतर गुरुवार पूर्ववत झाले. मी तुला आकडे दाखवण्याआधीच सांगायचे, धूळ मोजली आहे. तू म्हणायचीस, "मी काही इच्यारलं का?" आणि दोघी तिथेच थांबायचो. इतकं जवळ जाऊन मी दर वेळी परत फिरायचे. वाटायचं, पुढच्या वेळी समोरासमोर बोलू. दिवाळीत. उन्हाळ्यात. तुझ्या रिटायरमेंटला तर नक्कीच. त्याला फक्त एक वर्ष राहिलं होतं.

तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. तेरवीनंतर मी दोन दिवस थांबले. तुझ्या कपाटातल्या वह्या भाऊजींनी मला नेऊ दिल्या नाहीत. मी मागितल्या, तर म्हणाले, "राहू दे. मी वाचून राह्यलो." ज्या माणसानं लग्नापासून तुझ्या बोलण्यात एक शब्द घातला नाही, तो आता संध्याकाळी ओट्यावर बसून तुझी कलाची टिपणं वाचतो.

निघायच्या दिवशी ते मला फाट्यावर सोडायला आले. खामगावची बस यायला वेळ होता. सातपुडा त्या दिवशी इतका स्वच्छ दिसत होता, की झाडं मोजावी. भाऊजी रस्त्याकडे बघत म्हणाले, "बेबी, एक सांगाचं राह्यलं. तू तिच्यावर खेकसली होती नं? धुयीवरून?"

मला वाटलं होतं, ते फक्त आपल्या दोघींना माहीत आहे. मी कशीबशी मान हलवली.

"फोन ठेवला, अन् हासत आली माह्याकडे. मी वांग्यायले पानी देऊन राह्यलो होतो. म्हणे, 'अवो, बेबी चिडली माह्यावर!' म्या म्हटलं, त्यात हासाले काय झालं? तं म्हणे, 'आजलोक ते मले समजावून सांगे. लहान लेकराले सांगते तसं, गोड-गोड. आज पहिल्यांदा भांडली. म्हंजे माह्या प्रश्नात दम असन.'"

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. जेवली. अन् मले म्हणे, 'तिले आता झोप नाई येनार. मोजल्याबिगर ते राह्यत नाई. मोजलं का फोन येईन तिचा.'"

भाऊजींनी माझी पिशवी उचलली, कारण बस आली होती. मी त्यांच्या पाया पडले आणि वर चढले. खिडकीशी बसल्यावर मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. शेजारच्या बाईंनी न विचारता मला अर्धं संत्रं सोलून दिलं. ते मी खाल्लं. गोड होतं.

बस वळणावर येईपर्यंत मी फोन हातात धरला होता. मग ठेवून दिला आणि काचेकडे तोंड करून हळूच बोलले. शेजारच्या बाईंनी ऐकलं असेल तर असेल.

ताई, म्या मोजली. त्याच तुकड्यातली मोजली. तू इच्यारलं तेच बरोबर होतं, अन् ते इच्यारनारी तू एकलीच होती. धूयच होती वं ताई. हे सांगाले मले तीन वर्षं लागले.